सहा नंबरच्या तळाशी

सहा नंबर बंद झाला असता तर मामांचा सरळसरळ फायदा होता. त्रेसष्ट पायऱ्या खाली, त्रेसष्ट वर; आणि ज्यांचा उजवा गुडघा सत्तावन्न वर्षांचा आहे त्यांना ठाऊक असतं की उतरायच्या त्रेसष्ट आणि चढायच्या त्रेसष्ट हा काही एकच आकडा नव्हे. बरं, एवढं करून मिळायचं काय? नदीवर नमुने घ्यायची नऊ ठिकाणं होती. त्यातलं सहावं कापड रंगवायच्या कारखान्याच्या खाली, आणि तिथला निकाल एकतीस वर्षं एकच: वाईट. एकदा फक्त ‘फार वाईट’ आला होता, तेव्हा प्रयोगशाळेत जरा बदल म्हणून बरं वाटलं होतं.

दुसरा फायदा याहून मोठा. तीन महिन्यांनी मामा निवृत्त होणार होते आणि त्यानंतर दोन वर्षं नव्या नमुनेवाल्यांना शिकवायचं काम त्यांना मिळायचं होतं. कोरडी खोली, पाठ टेकायला खुर्ची, आणि समोर बारा माणसं, जी ऐकून घ्यायला बांधील आहेत. घरी मामांचं कोणी ऐकत नसे. ते बोलायला लागले की मामी मिक्सर लावायच्या. अट एकच होती, नोकरीच्या पुस्तकात शेरा नको. मामांच्या पुस्तकात एकतीस वर्षांत शाईचा डागसुद्धा पडला नव्हता.

मामा तसे सगळ्या प्रयोगशाळेचे मामा. खरी भाची मात्र एकच, आणि ती पहिल्या मजल्यावर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली असे. आठ महिन्यांपूर्वी परीक्षा देऊन लागली होती. वशिल्याचा संशय घेणाऱ्यांनी घेऊन पाहिला, पण मामांचा वशिला चहाच्या किटलीच्या पुढे जात नाही हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे तो फार दिवस टिकला नाही.

दोघांचं काम एकाच गोष्टीच्या दोन टोकांना होतं. नदीतल्या दगडावर एक तपकिरी, बुळबुळीत थर असतो. आपण त्यावरून घसरतो आणि उठताना त्याचा उद्धार करतो. मामा तो थर दात घासायच्या ब्रशने खरवडून बाटलीत भरायचे. त्या थरात डायटम असतात, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, प्रत्येकाला काचेचं कवच. कोणता डायटम कुठे राहतो हे ठरलेलं असतं. पाण्याची बाटली भरून आणली तर ती त्या क्षणापुरतं सांगते. कारखान्याने त्या सकाळी तोटी बंद ठेवली की बाटली निर्दोष. दगडावरची वस्ती मात्र महिना-महिना तिथेच बसलेली असते. तिला काय काय प्यावं लागलं ते तिच्या तोंडावर दिसतं.

या वस्तीला प्रयोगशाळेने आपली नावं ठेवली होती. घाणीत सुखाने राहणारे ते ‘चालेलकर’. आणि पाचरीच्या आकाराची एक जात, थंड, स्वच्छ, झऱ्याचंच पाणी हवं, जरा काही मिसळलं की जीव सोडणारी, ती ‘नखरेबाई’. नखरेबाई फक्त एक नंबरला सापडायच्या, वर डोंगरात, जिथे नदीला अजून नदी म्हणत नाहीत. सहा नंबरला चालेलकर आणि चालेलकरांचे नातेवाईक.

त्या सोमवारी भाचीने सहा नंबरची काचपट्टी लावली, नेहमीप्रमाणे चारशे मोजले, आणि त्यात एक्केचाळीस नखरेबाई निघाल्या.

तिने पट्टीवरचं लेबल पाहिलं. पुन्हा मोजलं. एक्केचाळीसच. गुरुवारी बैठक होती, आणि सहा नंबर बंद करायचा हा त्या बैठकीतला पहिला विषय होता. ती खाली गेली. सामानाच्या खोलीत मामा गमबूट उलटा धरून त्यातलं पाणी झटकत होते.

“मामा, एक विचारू?”

“चहाचं असेल तर हो. बाकीचं जपून.”

“बावीस तारखेला सहा नंबरला ब्रश नवा घेतला होतास ना?”

इथे जरा थांबून भाव लावायला हवा. नियम असा की प्रत्येक ठिकाणी नवा ब्रश. नाहीतर एका जागची वस्ती केसांत अडकून दुसऱ्या जागी पोचते. मामांनी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर नमुना खरा ठरला असता, एकतीस वर्षांतला सगळ्यात मोठा शोध त्यांच्या नावावर लागला असता, पुस्तक कोरं राहिलं असतं आणि खुर्ची हलली नसती. साक्षीदार कोणी नव्हता. होता तो ब्रश, आणि तो केव्हाच कचऱ्यात गेला होता.

“नाही,” मामा म्हणाले.

“नाही?”

“नवा काढला होता. हात ओला, सुटला. चालला डुलत डुलत. मी त्याच्या मागे. नवाकोरा ब्रश गं! चार पावलं आत गेलो असेन, पण तो काय थांबतोय. मग उभा होतो तिथलेच पाच दगड घेतले, आणि खिशात एक नंबरचा ब्रश होता, तो खळखळून धुऊन वापरला.”

“नदीच्या पाण्यात धुतलास?”

“मग काय गुलाबपाण्यात?”

“म्हणजे ब्रशही चुकला आणि जागाही.”

“दोन्ही. एकतीस वर्षांत नाही झालं ते एका दुपारी करून मोकळा झालो.”

“मामा, हे मला लिहावं लागेल,” भाची म्हणाली.

“मग लिही की. मी काय तुझ्या कानात सांगतोय?” मामांनी तोच बूट पुन्हा झटकला. त्यात आता थेंबही नव्हता. “बोललो नसतो तर काय केलं असतंस?”

“तुझा शब्द लिहिला असता.”

“हां. मग बरं झालं बोललो.”

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम फूटपट्टीसारख्या होत्या. कोणत्याही टोकाकडून मोजा, तीस सेंटिमीटरच भरणार. त्यांनी भाचीचा कागद वाचला, नमुना रद्द केला आणि मामांच्या पुस्तकासाठी दोन ओळींचा शेरा लिहायला घेतला.

“मॅडम, धुतलेल्या ब्रशला एक-दोन चिकटून येतील,” भाची म्हणाली. “एक्केचाळीस येतील?”

“ब्रशला गणित येत नाही. एक येत असेल तर एक्केचाळीसही येतील.”

“उद्या परत जाऊन आणते.”

“आणलात तरी आम्लात धुऊन पट्टी तयार व्हायला चार दिवस. बैठक गुरुवारी.”

“मग न धुता कच्चंच बघते.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “बघायला बंदी नाही. मोजायला आहे.”

मंगळवारी सकाळी मामा-भाची निघाले. पुलावर दोरीवाले भेटले. हे दुसरे नमुनेवाले. पुलाच्या कठड्यावरून दोरीने बादली सोडायची, पाणी भरलं की ओढून घ्यायची. सव्वीस वर्षांत त्यांचा पाय नदीला लागला नव्हता आणि पुस्तकाला शेराही. शिकवायच्या खुर्चीसाठी मामांच्या मागे त्यांचाच नंबर होता.

“काय मामा, सहा नंबरला पोचवायला निघालात?”

“तुम्ही येता का खांदा द्यायला? चार लागतात.”

“नको बुवा. आमचे बूट नवे आहेत.”

“सव्वीस वर्षं नवेच आहेत!”

नदी त्या दिवशी जांभळी होती. आदल्या दिवशी हिरवी होती म्हणे. कारखान्यात जो रंग उकळत असेल तो तिचा. त्रेसष्ट पायऱ्या उतरून दोघं पाण्यात शिरले. मामांनी आपली नेहमीची जागा धरली. ती कोणालाही सांगावी लागली नसती, तिथल्या दगडांना एकतीस वर्षांच्या उभं राहण्याने गुळगुळीतपणा आला होता. भाचीने तापमापक बुडवला. चोवीस. मग क्षार मोजायच्या यंत्राची कांडी सोडली. एकोणीसशेच्या पुढे. म्हणजे नेहमीचीच रड.

“त्या दिवशी कुठे गेला होतास, तसा चाल.”

मामा आत निघाले. पाणी मांडीला लागलं. चौथ्या पावलावर ते थांबले. “इथे गार लागतं.”

“त्या दिवशीही लागलं होतं?”

“लागलं होतं. मला वाटलं बुटाला भोक पडलं.”

भाची त्यांच्या बाजूला आली. तिलाही लागलं. पोटरीच्या खाली, घोट्याभोवती, कोणीतरी थंडगार हातांनी पाय धरल्यासारखं. तिने तापमापक हळूहळू खाली नेला. तेवीस. एकवीस. सतरा. तळाला टेकवला तेव्हा पंधरा. क्षारांची कांडी टेकवली तर एकोणीसशेवरचा आकडा धडाधड कोसळत गेला आणि दोनशेच्या आसपास येऊन उभा राहिला. तिने यंत्राला एक चापट मारली. आकडा तिथेच.

“बादली दे,” ती म्हणाली.

नमुनेवाल्यांकडे एक बादली असते, तळाला काच बसवलेली. ती पाण्यावर दाबली की आतून नदीचा तळ दिसतो. सहा नंबरला ती कधी कोणी वापरली नव्हती. शाईच्या दौतीत काय बघायचं? भाचीने बादली दाबली, त्यात डोकं घातलं, आणि मामांना बराच वेळ तिची पाठ तेवढी दिसत राहिली.

“काय आहे?”

बादली दोन बोटं खाली गेली.

“अगं, बुडालीस का?”

तिने डोकं वर काढलं आणि बादली त्यांच्याकडे सरकवली. एकतीस वर्षं नदीत उभं राहिलेल्या माणसाने वाकून, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर ठेवून, आत पाहिलं.

आधी नुसता जांभळा. मग बादली आणखी खाली गेली आणि जांभळ्याला एक भोक पडलं. परातीएवढं. त्या भोकात पाणी नाहीच असं वाटावं इतकं नितळ पाणी होतं. तळाची पांढरी वाळू उकळत होती. थंडगार उकळी. कण उसळत, एकमेकांवरून कोलांट्या घेत, खाली बसत, पुन्हा उसळत. आवाज नाही, घाई नाही, थांबणं नाही. भोवतीच्या पाच-सात दगडांवर सोन्याच्या रंगाची लव होती आणि तीत एक किडा आपल्या सहा पायांवर असा निघाला होता, जसा काही सकाळी फेरफटका मारायला. दोन वितींवर, चारी बाजूंनी, रंगाची भिंत सरकत होती. वरूनही जांभळं छत वाहत होतं. आणि या एवढ्याशा खोलीत कोणी काही बिघडू दिलं नव्हतं.

मामांनी डोकं वर काढलं तेव्हा नाकाच्या टोकाला जांभळा थेंब होता. तो पुसायचं त्यांना सुचलं नाही.

“चार पावलं,” ते म्हणाले.

“नियमच होता ना मामा, जागा बदलायची नाही. नाहीतर यंदाची तुलना गेल्या वर्षाशी कशी करणार?”

“नियम बरोबरच आहे. पण तीनशे बहात्तर वेळा मी तिकडे उभा राहिलो. तीनशे बहात्तर वेळा ‘वाईट’ भरून नेलं. आणि हे इथे चालू होतं. मी जेवायला गेलो तरी चालू. निजलो तरी चालू.”

त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं. आणि पुन्हा. भाचीने शेवटी बादली काढून घेतली, कारण नमुना राहत होता. मामांनी नव्या ब्रशचं पाकीट दातांनी फाडलं, ब्रशच्या दांड्याला सुतळी बांधली, सुतळीचं दुसरं टोक मनगटाला बांधलं, आणि मग दगडाला हात लावला. पाचही दगड ते इतके हळू घासत होते की भाची म्हणाली, “मामा, बाळाची टाळू नाही ती.” खरवडून झाल्यावर प्रत्येक दगड त्यांनी जिथून उचलला तिथेच, त्याच बाजूवर परत ठेवला. नियमात हे नव्हतं.

अकरा वाजता दोघं पहिल्या मजल्यावर पोचले. भाचीने बाटलीतला एक थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली, चाक फिरवलं. आजवर तिने नखरेबाई पाहिल्या होत्या त्या सगळ्या आम्लात धुतलेल्या, सुट्या, मेलेल्या. कवचं. अख्खं कुटुंब पाहिलं होतं ते पुस्तकातल्या चित्रात. तिने डोळा लावला आणि तिचा हात चाकावर तसाच राहिला.

मग ती उठली. “बस इथे.”

“मी? मी कशाला? माझे हात बघ.”

“हातांनी नाही बघायचंय. बस.”

मामा स्टुलाच्या कडेवर टेकले, जसं पाहुण्यांकडे बसतात तसे. “कुठून बघायचं?”

आता भाची चकित झाली. “तू कधीच बघितलं नाहीस?”

“कोणी बस म्हटलं नाही.”

“एकतीस वर्षं?”

“बाटल्या त्या खिडकीत ठेवायच्या आणि खाली जायचं. तुमचं काम तुमचं, आमचं आमचं.” त्यांनी डोळा लावला. “केस दिसतायत.”

“त्या तुझ्या पापण्या. जरा मागे हो. आता?”

मामा जरा मागे झाले.

प्रकाशाच्या त्या गोल तुकड्यात काचेचे पंखे उघडले होते. पाचरीला पाचर चिकटून अर्धवर्तुळ, कुठे पाऊण, आणि एका ठिकाणी पुरतं गोल, चक्रासारखं. प्रत्येक पाचरीवर इतक्या बारीक आडव्या रेघा की त्या कोरायला कोणी बसलं कधी आणि उठलं कधी, असा प्रश्न पडावा. आत मधाच्या रंगाचे ठिपके. आणि या पंख्यांच्या मधून दुसऱ्या जातीच्या लांबोळ्या होड्या निघाल्या होत्या. वल्हं नाही, शीड नाही; सरळ जात होत्या, थांबत होत्या, आल्या वाटेने मागे जात होत्या.

“हलतायत गं,” मामा कुजबुजले. मोठ्याने बोललं तर पळतील असं त्यांना वाटलं असावं.

“जिवंत आहेत.”

“आणि हे सगळं काचेचं?”

“काचेचंच. पाण्यातून गोळा करून स्वतः बनवतात.”

“काचेला भट्टी लागते.”

“यांना नाही लागत. पंधरा अंशांच्या पाण्यात बनवतात.”

मामांनी डोळा काढून काचपट्टीकडे पाहिलं. तिच्यावर एक तपकिरी थेंब होता, बुटाला लागला तर पायपुसण्याला पुसावा असा. पुन्हा डोळा लावला. थेंब, पंखे, पंखे, थेंब. दोन-तीनदा असं करून पाहिलं, हिशेब जुळेना. “आणि मी हे बाटल्या भरभरून आणायचो,” ते म्हणाले. “पिशवीत. डब्याच्या शेजारी.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. का, ते त्यांनाही विचारून सांगता आलं नसतं.

मॅडम आल्या त्या दुसऱ्याच कामाला. पाहतात तर सूक्ष्मदर्शकासमोर रांग. बाटल्या धुणारी बाई, हिशेबनीस, दारावरचा माणूस. मामा प्रत्येकाला सांगत होते, “पापण्या दिसल्या तर मागे व्हा.” मॅडमनी भुवई उचलली. मग त्याही बसल्या. हिशेबनिसाला घड्याळ बघायची खोड असल्यामुळे आपल्याला माहीत आहे की त्या अकरा मिनिटं बसल्या होत्या.

“जिवंत पाणी मी शेवटचं कॉलेजात बघितलं,” त्या उठताना म्हणाल्या. कोणाला, ते कळलं नाही.

गुरुवारच्या बैठकीत सहा नंबर वाचला. एवढंच नव्हे, चार पावलांवर ‘सहा-अ’ नावाचं नवं ठिकाण झालं. झऱ्याच्या पाण्याचं वय काढायला एक बाटली दूरच्या प्रयोगशाळेत गेली. उत्तर दोन महिन्यांनी आलं: हे पाणी पाऊस होऊन डोंगरावर पडलं त्याला ऐंशी वर्षं झाली असावीत. म्हणजे कारखाना नव्हता तेव्हा. मामांची आई पाळण्यात होती तेव्हा. तेव्हा जमिनीत शिरलेला थेंब अंधारातून चालत चालत, कोणाला न विचारता, परवा मामांच्या घोट्याशी वर आला. मामांनी तो कागद तीनदा वाचायला लावला आणि तिसऱ्यांदा म्हणाले, “म्हणजे आज पडेल तो अजून निघायचाच आहे.”

शेरा मात्र शेरा होता. मॅडमनी त्यांना बोलावून स्वतः सांगितलं. “मामा, झरा खरा आहे आणि ब्रशही खरा आहे. मी दोन्ही लिहिलंय.”

“बरोबर आहे.”

“तुम्ही अर्ज करू शकता. शोध तुमच्यामुळे लागला, म्हणून शेरा काढावा असा. मी वर पाठवीन.”

“शोध ब्रश पडल्यामुळे लागला, मॅडम. खुर्ची द्यायची तर त्याला द्या. सापडला तर.”

मॅडम हसल्या नाहीत, पण फूटपट्टी अर्धा सेंटिमीटर वाकली असं तेव्हा तिथे फाइल ठेवायला गेलेला माणूस शपथेवर सांगतो. अर्ज मामांनी केला नाही.

तर आता कोणाला काय पडलं ते बघू. कारखान्याला काहीच नाही. तो अजून रोज नदीला नवा रंग देतो, फक्त आता त्याच्या दाराशी दोन ठिकाणचे आकडे शेजारी शेजारी लिहिले जातात आणि त्यातला एक त्याला फार लाजिरवाणा आहे. लाज ही अजून त्याने मनावर घेतलेली नाही. मॅडमना नवं ठिकाण मिळालं. दोरीवाल्यांना खुर्ची मिळाली, आणि बारा नव्या माणसांना त्यांनी पहिल्या दिवशी बादलीची गाठ शिकवली. भाचीचं नाव झऱ्याच्या अहवालावर आलं. त्याच आठवड्यात तिच्या आईला शेऱ्याचं कळलं आणि ‘सख्ख्या मामाविरुद्ध लेखी दिलंस?’ एवढं एक वाक्य बोलून आईने तिच्याशी बोलणं टाकलं. मामांनी फोन करून बहिणीला समजावलं, तर तिने त्यांच्याशीही टाकलं. मामांची दोन वर्षं गेली आणि ऐकून घेणारी बारा माणसं गेली. म्हणजे किंमत मोजली ती मामा-भाचीने, एकाने खरं सांगून आणि दुसरीने ते लिहून. बाकी सगळ्यांना झरा फुकट पडला.